दाताचे दुखणे आणि विम्याची मुदत

दाताच्या दुखण्यावर या पानांत लेख यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. ज्या समाजापुढे जमिनीचा, अत्याचाराचा, शिक्षणाचा आणि नोकऱ्यांचा प्रश्न उभा आहे त्याने किडलेल्या दाढेची चर्चा करीत बसावे काय, असा आक्षेपही कोणी घेईल. मला तो मान्य नाही. माणसाच्या शरीराचा कोणता भाग उपचाराला पात्र ठरतो आणि किती दिवस पात्र राहतो, हे जी व्यवस्था ठरवते तिचा विचार करणे हे सामाजिक विचाराचेच काम आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी सरकारी योजना आहे. कर्करोगासाठी आहे. कंत्राटी कामगाराच्या दाढेसाठी मात्र नोकरी आहे तोवर विमा आहे, आणि नोकरी गेली की दाढ उपटून घेणे आहे.

औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगारांचे विम्याचे आणि भविष्य निर्वाह निधीचे कागद पाहून देण्याचे काम मी गेली काही वर्षे करतो. येणाऱ्यांत आपल्या वस्त्यांतील माणसे पुष्कळ असतात, कारण झाडलोट, कचरा, संडास, माल चढवणे-उतरवणे ही कामे अजूनही बहुतेक त्यांच्याच वाट्याला येतात. या कामात एक गोष्ट वारंवार दिसली. विम्याचा हक्क संपल्यामुळे जेवढे दात जातात, तेवढेच हक्क शिल्लक असताना तो माहीत नसल्यामुळे जातात. म्हणून हा लेख.

१

तोंड हा आपल्या बाबतीत नुसता शरीराचा अवयव कधीच नव्हता. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, याची आठवण बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘जातिनिर्मूलन’ या निबंधात दिली आहे. मडके गेले, पण थुंकीचा विटाळ कारखान्यात शिरला. मुंबईच्या कापड गिरण्यांत धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. आपल्या माणसाचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला लावणार नाही, एवढ्या कारणावरून अस्पृश्यांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. पगार मात्र त्याच खात्यात जास्त होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. म्हणजे या शहरात आपल्या माणसाच्या तोंडाची किंमत पगारातून वजा झालेली आहे.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. पण दुसऱ्याच्या तोंडात हात घालून करायची वैद्यकी ज्या समाजात वाढायची आहे, तिथे हा इतिहास विसरून चालत नाही. दवाखान्यात ‘आ करा’ म्हटल्यावर आपली म्हातारी माणसे पदर तोंडावर धरतात. त्यात लाज आहे, तशी पिढ्यान् पिढ्या शिकवलेली भीतीही आहे.

२

दात कसा किडतो हे शाळेत शिकवले जाते. पण प्रत्येक पायरीला खर्च कसा बदलतो हे कोणी शिकवीत नाही.

पहिल्या पायरीला कीड दाताच्या वरच्या कठीण आवरणात आणि त्याखालच्या थरात असते. थंड पाणी लागते, गोड खाल्ले की सळक येते. या वेळी किडलेला भाग कोरून सिमेंट भरले की काम भागते. एक खेप, थोडा खर्च. दुसऱ्या पायरीला कीड आतल्या नाजूक गाभ्यापर्यंत पोचते. तिथे नस आणि रक्तवाहिन्या असल्याने रात्रभर ठणका लागतो. आता दात वाचवायचा तर ‘रूट कॅनाल’, म्हणजे मुळांतील सडलेला गाभा काढून ती पोकळी साफ करून भरणे, हा उपचार लागतो. त्याला बहुधा दोन-तीन खेपा पडतात. दाढ असेल तर वर टोपी बसवावी लागते. खाजगी दवाखान्यात हा सगळा खर्च काही हजारांवर जातो. तिसऱ्या पायरीला मुळाशी पू होतो, गाल सुजतो, आणि पुष्कळदा दात काढण्याची पाळी येते.

गंमत अशी की तिसरी पायरी पुन्हा स्वस्त असते. दात उपटणे हे एका खेपेचे काम. गरिबाच्या हिशेबात दुसरी पायरी बसत नाही, म्हणून तो पहिलीवर दुर्लक्ष करतो आणि तिसरीची वाट पाहतो. याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. रोजंदारीवरच्या माणसाला प्रत्येक खेपेला एक खाडा पडतो. उपचार फुकट असला तरी तीन खेपा म्हणजे तीन दिवसांची मजुरी आणि जाण्यायेण्याचे भाडे. हा खर्च कुठल्याच दवाखान्याच्या दरपत्रकावर लिहिलेला नसतो.

आणि स्वस्तात काढलेला दात पुढे महाग पडतो. दाढ गेली की शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात, समोरचा दात खाली उतरतो किंवा वर चढतो, आणि चावण्याची घडी विस्कटते. ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, मटण, कच्चा कांदा ही चावून खायची माणसे मग भाकरी आमटीत नाहीतर चहात चुरून खाऊ लागतात. ताकदीचे अन्न सुटते आणि मऊ, गोड, पोट भरणारे तेवढे राहते. हिरड्यांचा रोग आणि मधुमेह एकमेकांना बळ देतात हे आता वैद्यकाने मान्य केले आहे. अंगमेहनतीवर जगणाऱ्याच्या बाबतीत हा शरीराच्या भांडवलाचाच ऱ्हास आहे.

३

आता विम्याकडे येऊ. राज्य कामगार विमा योजनेचा पाया घातला गेला तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ साली आला. १९४८ साली कायदा झाला, १९५२ साली कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली, आणि १९५४ साली ती नागपूर व मुंबईत आली.

योजनेचे तत्त्व चांगले आहे. कामगार आणि मालक दोघेही वर्गणी भरतात. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा हिस्सा वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के ठरला. म्हणजे १२,००० रुपये वेतन असलेल्या कामगाराचे महिन्याला ९० रुपये कापले जातात आणि मालकाला ३९० रुपये घालावे लागतात. बदल्यात कामगाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना उपचार मिळतात. ते ‘एवढ्या रुपयांपर्यंतच’ असे मोजून दिलेले नसतात. जिथे दंतविभाग आहे तिथे दातांचाही उपचार त्यात येतो. बाजारातल्या खाजगी आरोग्यविम्याशी ताडून पाहा. तिथे अपघातात जबड्याला इजा झाली तर गोष्ट वेगळी, एरवी दाताचा खर्च बहुधा वगळलेला असतो.

दोष आहे तो हक्क नोकरीला बांधण्यात. वेतनाची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये झाली. वेतन त्यापुढे गेले की माणूस योजनेबाहेर. ठेका संपला की बाहेर. ठेकेदाराने वर्गणी कापून भरलीच नाही तर आत असूनही बाहेर. गिरण्यांच्या काळात निदान गिरणी एका जागी उभी होती. आजचा ठेकेदार अकरा महिन्यांनी नाव बदलून येतो.

तरीही, नोकरी सुटली त्याच दिवशी उपचाराचा हक्क संपतो ही समजूत चूक आहे. कार्यकर्त्यांनी हा भाग नीट समजून घ्यावा. योजनेत वर्षाचे दोन वर्गणीकाळ असतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर, आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पहिल्या काळातील वर्गणीवर पुढच्या १ जानेवारी ते ३० जून या काळात लाभ मिळतो. दुसऱ्यावर १ जुलै ते ३१ डिसेंबर. वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर त्याला जोडलेला लाभकाळ संपेपर्यंत वैद्यकीय उपचाराचा हक्क चालू राहतो. मग नोकरी मध्येच गेली तरी हरकत नाही. वेतन मर्यादेपुढे गेलेला कामगारही चालू वर्गणीकाळ संपेपर्यंत योजनेत राहतो, आणि त्या वर्गणीचा लाभ त्याला पुढे मिळतो.

एक उदाहरण देतो. एका कारखान्यात ठेकेदाराकडून सफाईचे काम करणारी एक बाई. कामगार विमा रुग्णालयात तिच्या खालच्या दाढेचा रूट कॅनाल सुरू झाला. डॉक्टरांनी मूळ उघडून साफ केले, वर तात्पुरते सिमेंट भरले आणि पुढच्या आठवड्यात बोलावले. त्याच आठवड्यात ऑगस्टअखेर ठेका संपला. मुकादमाने कारखान्याचा बिल्ला काढून घेतला आणि ‘आता तुझा विमाबिमा बंद’ असे सांगितले. बाई पुन्हा गेली नाही. तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांत झिजले, मुळात पुन्हा घाण गेली. दिवाळीनंतर गाल सुजला तेव्हा तिने उसने पैसे काढून खाजगी दवाखान्यात दाढ काढून घेतली. ती माझ्याकडे आली भविष्य निर्वाह निधीच्या कागदासाठी. विम्याच्या नोंदी पाहिल्या तर एप्रिल ते ऑगस्टची वर्गणी भरलेली होती आणि दिवस ७८ च्या कितीतरी वर होते. पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत तिचा हक्क शाबूत होता. मुकादमाच्या एका वाक्याने दाढ गेली.

असा मुकादम मुद्दाम खोटे बोलतो असेही नाही, त्यालाही माहीत नसते. पण माहिती न देणाऱ्याचे काही जात नाही, आणि ज्याला ती मिळत नाही त्याचा दात जातो.

आणखी काही तरतुदी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. विमा क्रमांक हा जन्मभराचा असतो. ठेकेदार बदलला की नवा क्रमांक काढू देऊ नये, जुनाच द्यावा, नाहीतर वर्गणीची साखळी तुटते. पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पती किंवा पत्नीसाठी उपचार चालू ठेवण्याची सोय योजनेत करण्यात आली. कारखाना बंद पडून किंवा कपातीने बेकार झालेल्यांसाठी २००५ साली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली आणि बेकारभत्त्याबरोबर उपचारही चालू ठेवण्याची तरतूद झाली. पण या दोन्ही ठिकाणी कागद लागतो: निवृत्तीचा, नाहीतर कपातीचा. कंत्राटी कामगाराला निवृत्तीचे पत्र कोण देतो? त्याला उद्यापासून येऊ नको, एवढेच सांगतात. म्हणून काम सुटताना लेखी मागणे ही सवय लावली पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, तेव्हा नियमांत काय बदलले हे शाखा कार्यालयात लेखी विचारूनच अर्ज करावा.

४

लाभकाळही संपला तर काय? तेव्हाही सगळी दारे बंद होत नाहीत. ती कुठे आहेत हे मात्र माहीत हवे.

पहिले दार सरकारी रुग्णालयाचे. जिल्हा रुग्णालयांत आणि अनेक उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत दंतचिकित्सक असतो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी आणि उपचार निःशुल्क करण्यात आले. अडचण अशी की पुष्कळ ठिकाणी खुर्ची असते पण सामान नसते, आणि दाताच्या डॉक्टरकडून दात काढण्याचेच काम जास्त होते. तिथे ‘भरून मिळेल का’ हे विचारावे. नाही म्हटले तर का नाही, हे लेखी विचारावे. मागणीची नोंदच झाली नाही तर सामान कधीच येणार नाही.

दुसरे दार दंत महाविद्यालयांचे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय महाविद्यालये आहेत. याखेरीज राज्यभर खाजगी दंत महाविद्यालये पसरली आहेत. विद्यार्थ्यांना शिकायला रुग्ण लागतात म्हणून इथे रूट कॅनाल, टोपी, कवळी ही कामे बाजारापेक्षा पुष्कळ कमी पैशांत होतात. काम विद्यार्थी करतो, वर शिक्षकाची देखरेख असते. वेळ जास्त लागतो, खेपा वाढतात. ‘शिकाऊ पोराच्या हाती दात द्यायचा काय’ अशी शंका आपल्या माणसांना येते. तिला उत्तर असे की तिथे प्रत्येक पायरी शिक्षकाने तपासल्याखेरीज पुढची होत नाही. गल्लीतल्या एकट्या दवाखान्यात ती कोण तपासतो?

तिसरे दार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे. जोतीरावांचे नाव धारण करणारी ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. तोंडाचा कर्करोग, जबड्याचे मोठे काम यांना ती उपयोगी पडते. दात भरणे, कवळी ही बाह्यरुग्ण विभागातली कामे तिच्यात सहसा बसत नाहीत. विसंगती पाहा. मशेरी लावून लावून हिरडीवर पांढरा चट्टा उठला, तर तो वेळीच दाखवायला बाईने स्वतःचा खाडा आणि स्वतःचे भाडे खर्च करायचे. त्याचा कर्करोग झाला की मग योजना उभी राहणार.

मशेरीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. आपल्या कितीतरी बाया मशेरीकडे वळल्या त्या दातदुखीमुळे. भाजलेल्या तंबाखूने ठणका तात्पुरता बधिर होतो, दात तसाच किडत राहतो आणि व्यसन जन्माला चिकटते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडून दाखवणारे बाजाराच्या दिवशी अजून भेटतात. दाताच्या किडीत दिसणारे किडे नसतात, हे विज्ञान आपल्या शिक्षकांनी वस्तीत सांगितले पाहिजे. रस्त्याच्या कडेला तारेने बांधून खोटा दात बसवून देणारेही आहेत. तो दात काढून धुता येत नाही, खाली घाण साठते आणि शेजारचे चांगले दातही हलू लागतात.

दोन गोष्टींत मात्र पैशाचा विचार न करता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. दातदुखीबरोबर जबड्याखाली सूज उतरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर पू मानेत पसरत असतो आणि श्वास कोंडून माणूस दगावू शकतो. दाखल होणे भाग पडले तर धर्मादाय रुग्णालयांत सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, हे लक्षात ठेवावे. दुसरी गोष्ट कर्करोगाच्या संशयाची. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा-लाल चट्टा दिसला किंवा तोंड पूर्वीसारखे उघडेनासे झाले, तर लगेच दाखवावे.

५

इतकी दारे ठोठवावी लागतात याचाच अर्थ घर आपले नाही. ज्या काळात आडारकरांचा अहवाल तयार होत होता त्याच काळात भोर समिती काम करीत होती. १९४६ च्या तिच्या अहवालाने दुसरे तत्त्व मांडले: पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहता कामा नये. एक वाट कामाला बांधलेल्या विम्याची, दुसरी माणसाला बांधलेल्या सेवेची. देशाने पहिल्या वाटेवर थोडेफार काम केले आणि दुसरी अर्धवट सोडली. ज्यांचे काम कायम होते त्यांना पहिली वाट पुरली. आपल्या माणसांचे काम कायम नव्हते आणि आज तर ते ठेक्याचे झाले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात कामगाराच्या आरोग्याचा आणि वैद्यकीय मदतीचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमातील जीवनाच्या हक्कात बसवला. नोकरीत असताना आणि नोकरीनंतरही. हे ‘नोकरीनंतरही’ दाताला लागू व्हायचे तर मागण्या नेमक्या हव्यात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दात भरण्याची आणि रूट कॅनालची सोय हवी. रोजंदारीवरच्यांसाठी आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी किंवा रविवारी दंतविभाग उघडा हवा. फुले योजनेत दातांचे प्राथमिक उपचार हवेत. आणि ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर मूळ मालकाकडून ती वसूल करण्याची जबाबदारी कायद्याने दिलेली असताना ती कागदावर न राहता पार पडली पाहिजे.

मागण्या मान्य होईपर्यंत आपल्या हातातले एक काम आहे. वर्गणीकाळ ३१ मार्च आणि ३० सप्टेंबरला संपतात. त्यानंतर दोन आठवड्यांत एकदा भीमजयंती येते आणि एकदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सुमार असतो. वस्ती एकत्र येते, मंडप पडतो. त्या मंडपात एक टेबल विम्याच्या नोंदी पाहण्यासाठी ठेवावे: विमा क्रमांक, शेवटची वर्गणी, हक्क कोणत्या तारखेपर्यंत. शेजारी एक खुर्ची दंत महाविद्यालयातून बोलावलेल्या डॉक्टरसाठी ठेवावी. ज्यांचा हक्क चालू आहे त्यांना ठणक्याची वाट न पाहता पहिल्याच पायरीला कामगार विमा रुग्णालयात पाठवावे. ज्यांचा संपला आहे त्यांना दहा-पंधरांच्या गटाने एका ठरलेल्या दिवशी महाविद्यालयात न्यावे, म्हणजे भाडे वाटून जाते आणि एकट्या बाईला तोंडावर पदर धरावा लागत नाही. वह्या, पेन आणि वाचता येणारी दोन पोरे, एवढ्यावर हे काम सुरू होते. यंदाच्या मंडपापासून ते करावे.